मानाची पहिली लिंक

"काका, आपली पत्रिका अशी उघडेल, की बोट टेकायच्या आधी समोर हजर!"

शेणव्याच्या साईनाथकाकांच्या ओटीवर मांडी ठोकून सुयोगनं ही घोषणा केली, तेव्हा अंगणात करवंदं निवडणाऱ्या अनिताकाकींनीही मान वर केली. सुयोग हा काकांचा पुतण्या. ठाण्याच्या एका कंपनीत वेबसाइट बनवायचं त्याचं काम. आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात आणि उरलेले घरून. घरून म्हणजे गावच्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावरून, कारण लॅपटॉपला पुरेल अशी रेंज यायची ती तिथंच. चुलतबहीण निशिगंधाचं लग्न अठरा दिवसांवर आलं होतं आणि पत्रिकेची जबाबदारी सुयोगनं अंगावर घेतली होती. कोणी मागितली नसताना!

"टोकावड्याला रेंज धड नसते रे," काका म्हणाले. "घाटाकडं गेलं की मोबाइल नुसता बॅटरी मारायच्या कामाचा. मागल्या साली वरच्या आळीची पत्रिका मोबाइलवर आली. गोल चक्कर फिरतंय, फिरतंय! उघडली तवा त्यांच्या पोराचं बारसं होतं."

"म्हणून तर!" सुयोगचे डोळे चमकले. "वेबसाइट म्हणजे शेवटी काय? फायली. पत्रिकेचं चित्र, गणपतीचं चित्र, सनईचा आवाज. त्या काय रोज बदलतात? मग मोबाइलनं दर वेळी लांबच्या सर्व्हरकडं कशाला मागायला जायचं? एकदा आणायच्या आणि घरातच ठेवून द्यायच्या. आपण मीठ कसं एकदाच आणून बरणीत भरतो? आमटी टाकली की कोणी दुकानात पळतं का?"

"नाय पळत."

"याला कॅशिंग म्हणतात, काका. एकदा पत्रिका उघडली, की नंतर रेंज असो-नसो, बरणीतून बाहेर! आणि मी मोबाइलला बजावून ठेवलंय, वर्षभर परत विचारायला यायचंच नाही. तीन कोटी पंधरा लाख छत्तीस हजार सेकंद!"

काकांनी बोटं मोजली. "लगीन तर अठरा दिवसांवर हाय. मंग वर्सभर कशाला रे?"

सुयोग हसला. शिकलेला माणूस न शिकलेल्याच्या प्रश्नाला हसतो तसा. त्या हसण्याची त्याला पुढे फार मोठी किंमत मोजावी लागली, पण ते आपण क्रमानं पाहू.

पत्रिकेचं चित्र बनवायला मुरबाडच्या एका प्रेसला दिलं होतं. या प्रेसची एक रीत होती. ते नवी पत्रिका कोरी कधी करत नसत. आधीच्या लग्नाची पत्रिका उघडायची, त्यातली नावं पुसायची आणि त्या जागी नवी भरायची. बारा वर्षं प्रेस याच पद्धतीवर चाललेली. तालुक्यातलं प्रत्येक लग्न म्हणजे आधीच्या लग्नाला फासलेला नवा चुना!

गुरुवारी सकाळी प्रेसनं चित्र पाठवलं. सुयोगनं ते टाकीच्या कट्ट्यावर बसून लॅपटॉपवर घेतलं आणि नुसती चाचणी म्हणून वेबसाइटवर चढवलं. शेजारी काका होते, त्यांच्या मोबाइलवरही त्यानं लिंक टाकली. गुलाबी किनार, वर गणपती, मागं सनई. काकांना भरून आलं.

"दिसतंय का रे सगळ्यांना?"

"लिंक पाठवली की दिसेल. पण काका, अजून मी नीट वाचलेलं..."

पुढचं ऐकायला काका होतेच कुठं? गुरुवार होता, वेळ चांगली होती आणि मुलीच्या बापाला घाई होती. आपल्याकडे आमंत्रणाला क्रम असतो. पहिला मान ग्रामदेवतेचा. दुसरा मुलीच्या मामाचा. मग आत्या, मग थोरले जावई, अशी मानाची अकरा माणसं. बाकीची दोनशे माणसं मागाहून. हा क्रम चुकला तर लग्न लागतं, पण नातं तुटतं.

काका थेट देवळात गेले. मोबाइल देवीपुढं धरून पत्रिका उघडली, स्क्रीनला हळदकुंकू लावलं, सुपारी ठेवली. कुंकू स्पीकरात गेलं आणि पुढे दोन दिवस काकांना प्रत्येकाचा आवाज सर्दी झाल्यासारखा आला, ते वेगळं. मग त्यांनी लिंक पाठवली टोकावड्याच्या कोंडूमामांना. कोंडूमामा म्हणजे अनिताकाकींचे थोरले भाऊ, निशिगंधाचे एकुलते एक मामा. निशिगंधा लहानपणी चौथीपर्यंत त्यांच्याकडंच होती. ओढ्याला पाणी आलं की मामा तिला खांद्यावर बसवून शाळेत सोडायचे. मामांच्या मागोमाग बाकीच्या मानकऱ्यांनाही लिंका गेल्या. अकराही जणांनी तत्काळ उघडल्या. मानाची लिंक कोण ठेवून देतं?

अर्ध्या तासानं काकी सुयोगच्या लॅपटॉपवर पत्रिका वाचायला बसल्या. वाचता वाचता थबकल्या.

"सुयोग, हा धर्मा बाळू घुडे कोन रे? रहानार धसई?"

"कुठं?"

"मुलीचे मामा म्हनून लिवलंय!"

प्रेसनं आपल्या रीतीप्रमाणं केलं होतं. आधीच्या लग्नात मुलीला सतरा मामा. त्यातले सोळा पुसले, सतरावा राहिला आणि आपले मामा घालायचे तेवढे विसरले! सुयोगनं प्रेसला फोन लावला, दहा मिनिटांत दुरुस्त चित्र आलं, 'श्री. कोंडू गोविंद पष्टे, टोकावडे' असं ठसठशीत. सुयोगनं ते त्याच नावानं त्याच जागी ठेवलं. जुनी फाइल गेली, नवी बसली. काकींनी आपल्या मोबाइलवर पहिल्यांदाच लिंक उघडली. भावाचं नाव! काकी खूश. संध्याकाळपर्यंत बाकीच्या दोनशे जणांनाही लिंका गेल्या.

"झालं," सुयोगनं हात झटकले. "कागदावर छापली असती तर सगळा गठ्ठा फुकट गेला असता, काकी. इथं कोणाला पत्ताही लागला नाही!"

पत्ता दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता लागला. काकांचा फोन वाजला आणि सर्दी झालेल्या स्पीकरातून कोंडूमामांचा आवाज आला.

"दाजी, एक विचारू?"

"विचारा की, दादा."

"माझ्या बहिनीला आनखी एक भाऊ कवा झाला?"

काकांनी घाईनं आपल्या मोबाइलवर पत्रिका उघडली. मुलीचे मामा, श्री. धर्मा बाळू घुडे! काकांनी काकींना हाक मारली.

"अगो, इथं धर्मा हाय!"

"कुठला धर्मा? हे बघा, दादाचं नाव हाय!" काकींनी आपला मोबाइल पुढं केला.

काकांनी दोन्ही मोबाइल शेजारी शेजारी ठेवले. तीच लिंक, तोच गणपती, तीच सनई. मामा मात्र दोन! काकांनी बायकोकडं संशयानं पाहिलं. "तू तुझ्या मोबाइलात तुझ्या भावाचं नाव घालून घेतलंस काय गो?"

"मी? मला तर फोन कापतापन येत नाय!"

मग काकींनी फोन घेतला. "दादा, अरे इथं तुझंच नाव हाय. काल मी डोळ्यांनी वाचलं."

"म्हंजी मला वाचता येत नाय?" मामांचा आवाज चढला. "सातवी पास हाय मी!" आणि फोन बंद.

सुयोगला घरातून उचलून आणलं. त्यानं काकांचा मोबाइल पाहिला, काकींचा पाहिला आणि घोळ त्याच्या ध्यानात आला. सर्व्हरवर बरोबर पत्रिका होती. पण ज्यांनी ती आधी उघडली होती, त्यांचे मोबाइल सर्व्हरला विचारायलाच जात नव्हते. वर्षभर जायचं नाही, अशी त्याचीच सक्त ताकीद होती ना! नुसतं चित्र नव्हे, सगळं पानच्या पान त्यानं वर्षाच्या बोलीवर बरणीत भरलं होतं. मिठाच्या जागी साखर आणली गेली होती आणि आता वर्षभर आमटी गोड!

"म्हंजी कोनाकोनाला चुकीची गेली?" काकांनी विचारलं.

सुयोगनं दोन्ही मोबाइल खाली ठेवले. "ज्यांनी पहिल्यांदा उघडली, त्यांना."

"पहिल्यांदा तर मानाच्यांनी उघडली!"

"हो, काका. फक्त मानाच्यांना चुकीची गेलीय. बिनमानाच्या दोनशे जणांना एकदम बरोबर."

देवीपासून जावयापर्यंत, जिथं जिथं चूक व्हायला नको होती, नेमकी तिथंच झाली होती. मग दुपारपर्यंत फोनच फोन! किन्हवलीची आत्या म्हणाली, "बरं केलंत हो मामा बदललात. तो कोंडू तसा तिरसटच." थोरले जावई म्हणाले, "भांडण झालं तर आमाला सांगायचं तरी." बिनमानाच्या लोकांना यातलं काहीच दिसत नव्हतं, त्यामुळं ते या सगळ्यांना खुळ्यात काढत होते. संध्याकाळपर्यंत भावकीत सरळ दोन पक्ष पडले. मानाचे अकरा धर्मा पक्षात आणि उरलेले कोंडू पक्षात. स्वतः कोंडू मात्र धर्मा पक्षात, कारण त्यांच्या मोबाइलवर दुसरं काही दिसतच नव्हतं!

त्यात टोकावड्याला आणखी एक प्रकार घडला. मामा आपलं गाऱ्हाणं घेऊन रस्त्यावरच्या ढाब्यावर गेले. ढाबेवाल्यानं लिंक आपल्या मोबाइलवर मागून घेतली, उघडली आणि म्हणाला, "मामा, नाव तर तुमचंच हाय!" पानवाल्यानं उघडली. तुमचंच! एसटीची वाट बघणाऱ्या चार जणांनी उघडली. तुमचंच, तुमचंच! मामांनी आपला मोबाइल पाहिला. धर्मा!

त्यांनी तिथूनच काकांना फोन लावला. "आता कळलं मला! साऱ्या टोकावड्याला माझं नाव दावायचं आन् मला एकट्याला दुसऱ्याचं. चारचौघांत हसं करायचं! दाजी, ज्याचं नाव हाय त्यालाच मंडपात उभा करा. मी येनार नाय."

हे ऐकून आतल्या खोलीतून निशिगंधा बाहेर आली. पोरगी एरवी शांत. पण सुयोगसमोर उभी राहून तिनं स्पष्ट सांगितलं, "दादा, तुझं सर्व्हर-बिर्व्हर मला कळत नाय. मामा आला नाय तर मी मंडपात पाय ठेवनार नाय. मुरबाडचं वऱ्हाड आलं तसं परत गेलं तरी चालेल."

मुहूर्त पंधरवड्यावर आणि अख्खं लग्न सुयोगनं एका आकड्याला लटकवून ठेवलेलं!

"सोपं आहे," तो उसनं अवसान आणून म्हणाला. "मामांना नवी लिंक पाठवतो. पत्ता थोडा बदलला की मोबाइलला वाटतं ही वेगळीच वस्तू. मग तो मुकाट्यानं नवीन आणतो."

"नवी लिंक म्हंजी नवं आमंत्रन," काका म्हणाले. "एकदा दिलेली सुपारी मागं घेऊन दुसरी देतात का रे? आन् आता दोनशे लोकांना जाऊन बसलंय. म्हंजी मामाचा नंबर दोनशेबारावा!"

पण सुयोगला राहवलं नाही. त्यानं गुपचूप मामांना नवी लिंक पाठवली. कामाची शिस्त म्हणून पत्त्याच्या शेवटी त्यानं आवृत्तीचा आकडा टाकला होता. पाच मिनिटांत मामांचा बोलका निरोप आला.

"सुयोग, मी ती उघडली नाय. उघडायच्या आधी वाचली. शेवटाला दोन लिवलंय. म्हंजी मी दोन नंबरचा मामा काय?"

यानंतर मामांचा फोनच लागेना.

दुसऱ्या दिवशी सुयोग मोटारसायकल काढून किन्हवली-सरळगाव करत टोकावड्याला पोचला. मामांच्या हातातून मोबाइल घेतला की अर्ध्या मिनिटाचं काम होतं. साठवण पुसायची, पत्रिका परत उघडायची. मामा ओसरीवर बसले होते. मोबाइल पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबरबँड लावला होता.

"मामा, जरा मोबाइल द्या."

"बोट लावायचं नाय! पुरावा हाय तो."

"अहो, मी फक्त आतली जुनी साठवण काढतो. म्हणजे कसं, बरणीत मीठ असतं ना..."

"माझ्या मोबाइलात मीठ हाय?"

"तसं नव्हे हो! बरं, निदान फोन तरी चालू ठेवा. लागतच नाही."

"लागनार कसा? विमान दाबून ठेवलंय. हर्षाली म्हनाली, ते दाबलं की बाहेरून कोनाला काय बदलता येत नाय." मामांनी लेकीकडं अभिमानानं पाहिलं. हर्षाली मुरबाडच्या कॉलेजात जायची, आणि या घडीला दारामागं तोंडात ओढणी कोंबून हसत होती. "पन पत्रिका बघ! विमान दाबलंय तरी उघडते. रेंज नसली तरी उघडते. साईट मातर झकास केलीस हां."

सुयोगच्या आयुष्यात त्याच्या कामाचं इतकं मनापासून कौतुक कोणी केलं नव्हतं. तो रडकुंडीला येऊन परत फिरला.

त्यानंतर काका-काकी नारळ घेऊन गेले. नारळ ठेवून घेतला, हट्ट सोडला नाही. शेवटी निशिगंधा स्वतः एसटीनं गेली. मामांनी तिला तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, स्वतः डोळे पुसले. "तुझ्यावर राग नाय, पोरी. पन माझ्याच मोबाइलात माझं नाव नाय. मंग कंच्या तोंडानं येऊ?" तीही डोळे पुसत परत आली. तिला बघून सुयोगला जेवण गेलं नाही. इतकी वर्षं त्यानं वेग वेग म्हणून जो काही उद्योग केला होता, त्याची त्याला पहिल्यांदाच मनापासून लाज वाटली.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त दुपारी बारा पंचेचाळीसचा. बारा वाजता नवरदेव हितेश परण्याच्या मिरवणुकीनं वाजतगाजत मंडपात आला. साडेबारा झाले. टोकावड्याकडून कोणी नाही. आत निशिगंधा मुंडावळ्या बांधून खाटेवर बसलेली, उठायचं नाव नाही. बारा चाळीसला माइकवरच्या माणसानं पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं!"

काकांनी टोपी काढून घाम पुसला. काकी पदराआड गेल्या. सुयोग मांडवाच्या खांबाआड जाऊन उभा राहिला.

"मुलीच्या मामांनी..."

"आलो, आलो!"

मंडपाच्या तोंडाशी एक ठेंगणा, हसरा माणूस उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, बगलेत साडीचा खोका. तो थेट पुढं आला आणि हात जोडून म्हणाला, "रामराम! मी धर्मा बाळू घुडे, धसई. मुलीचा मामा."

धर्मा पक्षातल्या हजर दहा माणसांनी माना डोलावल्या. कोंडू पक्षाची दोनशे तोंडं उघडी पडली. सुयोगला खांबानंच धरून ठेवलं म्हणून बरं.

"तुमाला कोनी बोलावलं?" काकांनी कसंबसं विचारलं.

"कोंडूभाऊंनी! बाजाराच्या दिवशी माझ्या भेंडीच्या पाटीसमोर येऊन उभे राहिले. मोबाइल दावला. म्हनाले, हा तूच ना? मंग जा, तूच उभा रहा! म्हटलं, काय मोठ्या मनाचा मानूस! स्वतः आमंत्रन द्यायला आला." धर्मानं खोका काकींपुढं धरला. "ताई, मला सख्खी बहीन नाय. गेल्या महिन्यात नात्यातल्या भाचीचं लगीन झालं, तिथं सतरा मामांत माझं नाव शोधायला चष्मा लागला. आन् इथं एकट्याचं, ठळक! मी चार वेळा वाचलं. सकाळी कोंडूभाऊंच्या घरी जाऊन म्हटलं, चला, बरोबर जाऊ. ते दार लावून बसले. म्हटलं, तब्येत बरी नसेल. मंग मी पुढं आलो. मुहूर्त थांबतो का?"

साडी कोणी प्रेमानं आणली, तर परत कशी करायची? काकींनी हात पुढं केला, तेवढ्यात मंडपाबाहेर एक स्कूटर करकचून थांबली.

"थांबा! कोन उभा राहातोय माझ्या जागेवर?"

कोंडूमामा! मागच्या सीटवरून उतरले ते धुळीनं पांढरे झालेले. पुढं हर्षाली, हेल्मेट काढत हसणारी. धर्मा खरोखरच साडी घेऊन निघालाय, हे खिडकीतून बघितल्यावर मामा दहा मिनिटं गप्प बसले होते आणि अकराव्या मिनिटाला ओरडले होते, "हर्षाली, गाडी काढ!"

"मामा मी!" मामा गरजले.

"पत्रिकेत तर मी हाय," धर्मा नम्रपणे म्हणाला.

मुरबाडच्या व्याह्यांना यातला इतिहास ठाऊक नव्हता. मुहूर्ताला दोन मिनिटं उरलेली. ते वैतागून म्हणाले, "अहो, मामा कंचा ते एकदा ठरवा! पत्रिका काढा रे!"

झालं! अख्ख्या मंडपानं मोबाइल काढले. "कोंडू!" "धर्मा!" "कोंडू!" किन्हवलीची आत्या धर्मावर ठाम, तिची सून कोंडूवर ठाम, आणि दोघी एकाच लिंकवर बोट ठेवून भांडत होत्या. आणि मग कोंडूमामांनी, पंधरा दिवसांच्या सवयीनं, खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली.

"हे बघा! हा पुरावा!"

व्याह्यांनी डोळे बारीक करून वाचलं. "धर्मा बाळू घुडे, धसई."

"बघितलंत?" मामा विजयानं म्हणाले. आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचा चेहरा पडला. स्वतःच्याच पुराव्यानं ते स्वतः हरले होते!

कोणी हसलं नाही. धुळीनं माखलेला तो म्हातारा पिशवी हातात धरून भर मंडपात उभा होता, आणि आपण या घरचे कोण हे सांगायला त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं. सुयोग खांबाआडून बाहेर आला. सगळ्यांसमोर सांगावं, चूक माझी, म्हणून त्यानं तोंड उघडलं. पण तोवर आतलं दार उघडलं होतं.

निशिगंधा बाहेर आली होती. एकटी. नवरी अशी आपण होऊन बाहेर येत नसते. बायकांनी तोंडावर हात ठेवले. ती सरळ चालत आली आणि तिनं कोंडूमामांचा हात धरला.

"हा माझा मामा," ती व्याह्यांना म्हणाली. "ओढ्यातून शाळेत न्यायचा तवा पत्रिका बघून नेत नव्हता." मग मामांकडं वळून डोळे वटारले, "चल आत. आन् मला नीट बाहेर आन."

मामा लहान पोरासारखे तिच्यामागून आत गेले. अर्ध्या मिनिटानं त्याच दारातून, तिचा हात धरून, ताठ मानेनं बाहेर आले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पिशवी खिशात होती. माइकवाल्यानं उगाच परत पुकारा केला, "मुलीचे मामा मुलीला घेऊन येत आहेत!" आणि अंतरपाट धरला गेला. धर्मा हळूच मागं सरकत होता. काकींनी त्याला हाक मारली, "धर्मादादा, लांब कशाला? बहिनीच्या बाजूला उभा रहा की." धर्मानं टोपी नीट केली आणि उभा राहिला. सगळ्यात जोरात अक्षता त्यानंच टाकल्या.

जेवणाच्या पंगतीत दोन्ही मामा शेजारी शेजारी बसले. सुयोगनं वाढता वाढता खाली वाकून म्हटलं, "मामा, चुकलं माझं. आता मोबाइल द्या, अर्ध्या मिनिटात तुमचं नाव आणतो."

कोंडूमामांनी खिशावर हात ठेवला. "राहू दे. आता काय घाई हाय?"

सुयोगनं मात्र धडा घेतला. त्या रविवारी टाकीच्या कट्ट्यावर बसून त्यानं सगळं नीट लावलं. न बदलणाऱ्या फायलींना वर्षाची मुदत, पण बदल केला की नाव नवं. आणि पानानं दर वेळी सर्व्हरला विचारल्याशिवाय उघडायचं नाही. चुकीचं चित्र त्यानं सर्व्हरवरून, लॅपटॉपवरून, सगळीकडून पुसून टाकलं. अकरांपैकी दहा मानकऱ्यांच्या घरी जाऊन त्यानं हातानं मोबाइल साफ केले. देवळातही जाऊन काकांच्या मोबाइलवरून देवीला बरोबर पत्रिका दाखवून आला. साक्षात देवीपुढं चुकीची आवृत्ती ठेवायची नाही, एवढी शिस्त त्याला आता लागली होती. प्रेसनं तर केव्हाच त्या पत्रिकेवर पुढचं लग्न चढवलं होतं.

दोन महिने गेले. सुयोग ऑफिसात मोठ्या साहेबांसमोर बसला होता. विषय होता, वेबसाइटचा वेग. "एकही जुनी प्रत कोणाकडं राहणार नाही, सर," तो मोठ्या विश्वासानं सांगत होता, तेवढ्यात फोन वाजला. टोकावडे! विमान उतरलेलं दिसत होतं.

"सुयोग, घोटाळा झालाय रे!" मामा घाईघाईनं म्हणाले. "हर्षालीनं मोबाइल भरला म्हनून साफसफाई केली. आन् आता पत्रिका उघडली, तर धर्माचं नाव गेलं. माझंच नाव दिसतंय!"

"अहो मामा, म्हणजे आता बरोबर झालं!"

"बरोबर कोनी मागितलं तुला?" मामा ओरडले. "मी बाजारात लोकांना काय दावू? म्हनतो, हा बघा माझा भाऊ, मोबाइलानं दिलेला. आता कोन खरं मानंल? आज धर्मा जेवायला यायचाय. त्याला दावायची होती. ती जुनी परत घाल बघू!"

सुयोगनं साहेबांकडं पाहिलं, मग फोनकडं पाहिलं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "मामा, ती आता कुठंच नाही. जगात ती एकच प्रत उरली होती. तुमच्या मोबाइलात."

"मंग तवा," मामा म्हणाले, "वर्सभर टिकंल म्हनून दाजींना सांगत होतास, ते काय खोटंच?"